जेवढं आठवतं तेवढंच

कातळवाडीचे दत्तोबा तिकोणे सव्वीस वर्षं गावचे पोलीस पाटील होते. मळवली स्टेशनात उतरून इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि डोंगराच्या बाजूला अर्धा तास चाललं की ही वाडी लागते. ऐंशी-नव्वद उंबरा, त्यातले निम्मे भातशेती करणारे, निम्मे आसपासच्या बंगल्यांवर कामाला जाणारे. गावात कुणाचा अपघाती मृत्यू झाला, मारामारी झाली, माणूस हरवलं, तर ठाण्याला खबर द्यायची, पंच गोळा करायचे, पंचनाम्यापर्यंत गर्दी आवरायची, हे पोलीस पाटलाचं काम. दत्तोबांनी ते मन लावून केलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं आणि लिहिण्यात खाडाखोड नसायची.

साठ पूर्ण होऊन पद सुटलं तेव्हा देवळासमोर त्यांचा सत्कार झाला. सरपंच म्हणाले, "या माणसानं गावातलं एक घर उघड्यावर पडू दिलं न्हाई." सगळ्यांना अर्थ कळला. ज्या घरातल्या माणसानं स्वतःचा जीव संपवला, त्या घराची खबर दत्तोबा 'तोल जाऊन', 'नजरचुकीने' अशी लिहीत. पुढं घरच्यांना चौकशीचा त्रास नाही, लोकांच्या तोंडी विषय नाही, पोरीबाळींच्या सोयरिकी मोडत नाहीत. याला कुणी खोटं म्हटलं नाही. दत्तोबांनीही कधी म्हटलं नव्हतं.

पद गेल्यावर ते मळवलीजवळचा एका मुंबईकरांचा बंगला सांभाळू लागले. मालक महिन्यातून एखाद्या शनिवारी येत. एरवी झाडांना पाणी घालायचं, टाकी भरायची, वाढलेलं गवत काढायचं. दिवाळी पंधरा दिवसांवर असताना एका मंगळवारी सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली आणि तिशीतली एक मुलगी आत आली.

"तिकोणे आबा ना? मी अनघा ओव्हाळ. नवलाख उंबरे गावची. माझे वडील तिथल्या कारखान्यात फिटर होते."

दत्तोबांनी तिला व्हरांड्यातली खुर्ची दिली आणि आतून पाणी आणलं. ही पोरगी आरोग्य खात्याच्या आशाताईंबरोबर दहा दिवस वाडीत घरोघर फिरतेय, हे त्यांच्या कानावर आलं होतं. कशासाठी, तेही आलं होतं. तरी त्यांनी विचारलं.

"मी पीएचडी करते," अनघा म्हणाली. "घरातल्या माणसानं आपला जीव संपवला, की मागं राहिलेल्यांचं पुढं काय होतं, यावर. झोप, खाणंपिणं, मन, सगळंच. मावळातल्या काही गावांमधून लोकांशी बोलतेय. त्याआधी नोंदी पाहिल्या. आबा, तुमच्या सव्वीस वर्षांत कातळवाडीतून आत्महत्येची एकच नोंद आहे."

"गाव लहान हाये, ताई."

"एवढ्याच आकाराच्या दुसऱ्या वाड्यांमधून सहा-सात आहेत."

"आमची मानसं देवाला धरून ऱ्हातात," दत्तोबा म्हणाले, आणि आपलं बोलणं आपल्यालाच पोकळ वाटलं म्हणून लॉनकडे बघत राहिले.

अनघानं वाद घातला नाही. "मला कुणाला पकडायचं नाहीये. मी लिहिते त्यात गावाचं नाव नसतं, माणसाचंही नसतं. तुम्हाला कधी बोलावंसं वाटलं तर हा नंबर." तिनं चिठोरा टेबलावर ठेवला, पाणी संपवलं आणि गेली.

दत्तोबांना कायद्याची भीती वाटली नाही. पुन्हा पुन्हा मनात येत होता तो आकडा. एक. खरा आकडा पाच होता आणि तो जिवंत माणसांपैकी फक्त त्यांनाच पुरता ठाऊक होता. आजवर त्यांनी ही माणसं एकत्र मोजलीच नव्हती. प्रत्येक घर वेगळं, प्रत्येकाचं कारण वेगळं, प्रत्येक वेळी आपण कुणाला तरी वाचवतोय अशी खात्री. आता झाडांना पाणी घालताना ती झाकलेली चौघं रांगेनं उभी राहू लागली. त्यात शेवटी नेहमी आदिनाथ यायचा आणि तिथंच दत्तोबा अडकायचे.

त्यांची बायको भागुबाई हे बघत होती. ताटातली भाकरी तशीच राहायची. देवळाच्या पारावर संध्याकाळी बसायचं त्यांनी बंद केलं. एकदा तिनं सरळ विचारलं, "ती ओव्हाळांची पोर काय म्हनली तुमास्नी?"

"काय न्हाई."

"मग जेवा."

पाचव्या दिवशी दत्तोबांनी अनघाला फोन केला. ती दुपारी बंगल्यावर आली. या वेळी तिनं वही काढली नाही. आधी एक कागद वाचून दाखवला. बोलणं कुणाला सांगितलं जाणार नाही, मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबता येईल, असं त्यात होतं. दत्तोबांनी खाली सही केली.

चारही माणसांबद्दल त्यांनी एका दमात सांगितलं. कोण, कधी, कोणत्या शब्दात लिहिलं. मग थांबले.

"आदिनाथचं एवढ्यावर संपत न्हाई," ते म्हणाले.

आदिनाथ हा नथू आणि झुंबरबाईचा मुलगा. नथू दत्तोबांचा लहानपणचा सोबती, पोर आठवीत असताना काविळीनं गेला. झुंबरबाईनं भाताची दोन खाचरं कसून पोरगा आणि पोरगी वाढवली. आदिनाथ आयटीआय करून तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटावर लागला. तीन वर्षांनी कंत्राट संपलं. त्यानंतर तो घरातून बाहेर पडेना. दाढी वाढली, क्रिकेटला जाईना, कुणी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करायचा, दिवसदिवस पांघरुणात असायचा. गावात कुणाला यात आजार दिसला नाही. पोरगं आळशी झालं, एवढंच सगळे म्हणायचे. दत्तोबाही म्हणाले होते. असे पाच-सहा महिने गेले आणि पौषातल्या एका सकाळी चोवीस वर्षांचा आदिनाथ मरून पडलेला सापडला. कसा, ते इथं सांगायचं कारण नाही.

"मी पयला पोचलो," दत्तोबा म्हणाले. "शर्टाच्या खिशात वहीचं पान व्हतं. निळ्या पेनानं लिवलेलं, आठ-धा वळी असतील. उभ्या उभ्या एकदा वाचलं. तेवढ्यात पुलाकडनं पोलिसांच्या मोटारसायकलीचा आवाज आला. कागद तितं घावला असता तर माझी खबर काय कामाची? मी तो बंडीत घातला. तोल जाऊन, असा जबाब दिला. दिवेलागनीला घरी आलो. बायको झुंबरबाईपाशी बसाय गेलती. चूल पेटलेली व्हती. तिच्यात टाकला."

"त्यांना दाखवला नाहीत?"

"तिला वाचता येत न्हाई. कुनाकडनं तरी वाचून घेतला असता, आनि मग गावभर झाला असता. कागदाला पाय फुटतात, ताई. मला वाटलं, पोरगं तर गेलंच. निदान नाव ऱ्हाईल."

"काय लिहिलं होतं?"

दत्तोबांनी डोळे मिटले. "सगळं न्हाई आठवत. एकदाच वाचलं, तेबी घाईत. एवढं पक्कं हाये : 'आईला कोणी बोल लावू नका. सकाळी ती बोलली त्याच्यामुळं हे नाही. तिचं काही चुकलं नाही.' त्याच्या आदी कायतरी व्हतं आनि मागनंबी व्हतं. ते गेलं."

अनघा उठली आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. दत्तोबांना वाटलं, पोरगी रागावली, आता निघून जाईल. पण तिच्या उभं राहण्याचं कारण दुसरं होतं. आठच दिवसांपूर्वी ती झुंबरबाईच्या ओट्यावर तीन तास बसली होती आणि झुंबरबाईनं तिला एक गोष्ट सांगितली होती, जी तिनं पोटच्या पोरीलाही सांगितली नव्हती. ती गोष्ट आणि हे तीन वाक्यांचं उत्तर, दोन्ही आता अनघाकडे होतं, आणि यातलं एक अक्षर इकडून तिकडे न्यायची तिला मुभा नव्हती. तसा शब्द तिनं दोन्ही घरांना सही करून दिला होता.

ती परत येऊन बसली. "आबा, एका घरात ऐकलेलं मला दुसऱ्या घरात नेता येत नाही. पण हे तुमच्यापाशी राहू नये. ज्यांचं आहे त्यांच्याकडे जायला हवं. तुम्हीच सांगायला हवं."

"आता? अकरा वर्सांनी?"

"जाऊन एकदम अंगावर टाकू नका. आधी विचारा, ऐकायचंय का. त्या नको म्हणाल्या तर परत फिरा. आणि त्या दिवशी मला आधी कळवा, मी वाडीतच थांबेन."

दत्तोबांनी मान हलवली, पण गेले नाहीत. दिवाळी आली तशी गेली. भात कापणीला आला, मग कापला गेला. रोज सकाळी बंगल्यावर जाताना झुंबरबाईच्या घरावरून जाणारी वाट सोडून ते ओढ्याकडच्या वाटेनं जाऊ लागले. अनघानं दोनदा फोन केला. एकदाही "सांगितलंत का" असं विचारलं नाही, तुम्ही कसे आहात एवढंच विचारलं. दुसऱ्या वेळी म्हणाली, "तळेगावच्या दवाखान्यात एक समुपदेशक बाई आहेत. हे बोलायला तुम्हालाही कुणीतरी हवं." दत्तोबा म्हणाले, मला काय झालंय.

अखेर ते बोलले भागुबाईपाशी. ती अंगणात भात वारवत होती. त्यांनी बाजूला बसून सगळं सांगितलं. ती सूप हातात धरून ऐकत राहिली.

"माझ्या चुलीत?" तिनं विचारलं.

"व्हय."

"त्या रात्री मी तितनं आल्यावर त्याच चुलीवर पेज केली आनि तिच्याकडं नेली. तिनं दोन घोट घेतले." भागुबाईनं सूप खाली ठेवलं. "दरसाल मी तिच्या शेजारी उभी ऱ्हाऊन भात लावती. ती बोलत न्हाई, मीबी बोलत न्हाई. मला वाटायचं, मला तरी सगळं ठाव हाये हिचं." त्या दिवशी दत्तोबांचं ताट सुनेनं वाढलं.

त्यानंतर आठवडाभरात झुंबरबाई स्वतःच आली. नवा तांदूळ घेऊन. दरवर्षी यायची. इंद्रायणी वाणाचं भात भरडून आलं की पहिला तांदूळ ती कापडी पिशवीत घालून दत्तोबांच्या घरी आणून द्यायची. कारण कधी बोलली नव्हती. एकदाच, पहिल्या वर्षी, म्हणाली होती, "तुमच्यामुळं माज्या पोराला कोनी नावं ठेवली न्हाईत." सविताचं, म्हणजे तिच्या मुलीचं, लग्न आंबीला चांगल्या घरात झालं तेही त्यामुळंच, असं ती मानायची. तो तांदूळ दत्तोबांच्या घरात अकरा वर्षं शिजला होता.

सकाळचे नऊ वाजले असतील. दत्तोबा निघायच्या तयारीत होते. तिनं पिशवी पुढं केली.

"यंदा नको, वैनी."

"का? बरं न्हाई का तुमास्नी?"

दत्तोबांनी भागुबाईकडे बघितलं. भागुबाई दारातून हलली नाही. अनघाला फोन करायचा, तिला वाडीत थांबवायचं, हे सगळं ठरलेलं डोक्यातून गेलं. एवढंच आठवलं की आधी विचारायचं.

"वैनी, आदिनाथबद्दल एक गोष्ट मी तुमच्यापासनं लपवली. ऐकायची हाये का? नको म्हनलात तर पुन्यांदा नाव काडनार न्हाई."

झुंबरबाईचा चेहरा बदलला नाही. "अपघात नव्हता हे मला पयल्या दिसापासनं ठाव हाये, भाऊ."

"ते न्हाई. त्यानं चिठ्ठी ठेवली व्हती."

ती ओट्याच्या कडेला टेकली. पिशवी मांडीवर घेतली. "सांगा."

त्यांनी सांगितलं. खिसा, बंडी, चूल. मग ती तीन वाक्यं. ती म्हणाली, "पुन्यांदा." त्यांनी पुन्हा म्हटली. दुसऱ्या वाक्याला तिनं हात वर करून थांबवलं.

"सकाळी ती बोलली त्याच्यामुळं, म्हनजे? कुनी बोललेलं?"

"तसं लिवलं व्हतं. आई म्हनून. मला त्याचा अर्थ कळला नव्हता."

झुंबरबाई समोर बघत बोलू लागली, कुणाशी असं नाही. "आदल्या दिसाच्या सकाळची गोष्ट. मी खाचरातनं आले व्हते. ह्यो पांघरुनात. मी म्हनलं, तू असून नसल्यासारखाच हायेस. एवढंच म्हनलं. त्यानं तोंडावरचं पांघरून काडलं, माज्याकडं बगितलं, आनि पुन्यांदा वडून घेतलं. त्याच्या मागारी मी त्याच्याशी बोलले न्हाई. रागात व्हते." ती थांबली. "अकरा वर्सं मी रोज सकाळी उटती आनि पयलं हेच ऐकती. माज्याच तोंडनं. त्यानं उत्तर देऊन ठेवलं व्हतं व्हय?"

दत्तोबा खाली जमिनीवर बसले.

"माजं उत्तर व्हतं ते, पाटील." आजवर ती त्यांना भाऊ म्हणायची. "मला लिवलेलं. तुमी वाचलं आनि जाळलं. आनि मी तुमच्या दारात तांदूळ आनत ऱ्हायले."

ती उठली. पिशवी उचलली आणि परत घेऊन गेली. भागुबाई तिच्या मागोमाग गेली. अंगणात दत्तोबा एकटे उरले. मग त्यांनी अनघाला फोन लावला.

पुढचे दिवस वाईट गेले. झुंबरबाई खोलीतून बाहेर येईना, पाण्याशिवाय काही घेईना. अनघा तासाभरात आली होती. ती आणि आशाताई पाळीपाळीनं तिच्यापाशी बसल्या. आंबीहून सविता आली आणि आईजवळच राहिली. अनघानं तळेगावच्या समुपदेशक बाईंना वाडीत आणलं. त्या दोन तास बसल्या. नंतर झुंबरबाईनं विचारलं, "मी तसं म्हनले नसते तर?" त्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मुलाला आजार होता. सहा महिन्यांपासून. तो कुणाला ओळखता आला नाही, वेळेवर उपचार मिळाले नाहीत. एका वाक्यानं माणूस जात नाही." झुंबरबाईनं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सविता दत्तोबांच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"माझ्या आईनं अकरा वर्सं गोडाचा घास खाल्ला न्हाई, आबा. माझ्या लग्नातबी. मी इचारलं तर म्हनायची, दात दुकतो."

"मी चुकलो, पोरी."

"पोलिसात मी जानार न्हाई. जाऊन काय करू? पन तुमी आमच्या दारात येऊ नका." ती आवाज न चढवता बोलली आणि वळली.

त्या दिवसांत गावातल्या दोघातिघांनी दत्तोबांना वाटेत थांबवून समजूत घातली. तुम्ही चांगल्या भावनेनं केलं, आमच्या घरात असतं तर आम्हीही हेच म्हटलं असतं. हे ऐकून दत्तोबांना अजून त्रास व्हायचा. ते अनघाबरोबर तळेगावला जायला तयार झाले. समुपदेशक बाईंसमोर पहिल्यांदा ते फक्त आपल्या नोकरीबद्दल बोलले. दुसऱ्यांदा त्यांना मध्येच रडू आलं आणि ते थांबवता येईना. बाईंनी थांबवायला सांगितलंही नाही.

उरलेल्या तीन घरांपैकी दोन घरांतली माणसं गाव सोडून गेली होती. तिसऱ्या घरी ते गेले. म्हातारे केरबा अंगणात बसले होते. दत्तोबांनी नुसतं विचारलं, तुमच्या सुनेबद्दल कधी बोलावंसं वाटतं का? केरबा म्हणाले, "पाटील, तुमी झाकलं, आमी बरे हाये. नातवंडं मोठी झाली. ऱ्हाऊ द्या." दत्तोबा उठून आले. हे बरोबर की चूक, ते त्यांना ठरवता आलं नाही. अनघालाही आलं नाही. तिनं आपल्या प्रबंधात एवढंच लिहिलं की काही गावांच्या नोंदीतले आकडे खऱ्याहून कमी आहेत, आणि ते कमी ठेवणारी माणसं बहुतेक वेळा त्या घरांची हितचिंतक असतात. दत्तोबांना तिनं ते पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हितचिंतक हा शब्द काडा." तिनं तो काढला नाही. म्हणाली, "आबा, तो खरा आहे. म्हणून तर त्रास होतो."

माघाच्या सुरुवातीला आशाताईंनी निरोप आणला. झुंबरबाईंनी बोलावलंय, गुरुवारी, दुपारी.

दत्तोबा गेले तेव्हा ती ओट्यावर बसली होती. बारीक झाली होती, पण केस विंचरलेले होते. बसा म्हणाली नाही. दत्तोबा खालच्या पायरीवर बसले.

"पुन्यांदा सांगा," ती म्हणाली.

त्यांनी तीन वाक्यं सांगितली. तिनं विचारलं, पान फाडलेलं सरळ होतं का तिरकं? सरळ. घडी किती? दोन. अक्षर घाईचं होतं का? न्हाई, सावकाश लिहिल्यासारखं होतं. ती प्रत्येक उत्तर ऐकून ओठ हलवायची, पाठ केल्यासारखे. तासाभरानं म्हणाली, "मी तुमाला माफ केलं न्हाई. पन त्याचं अक्षर बगितलेलं दुसरं कोन न्हाई. आता दर गुरुवारी यायचं. आठवलं तर सांगायचं."

त्यानंतर ते दर गुरुवारी जाऊ लागले. सविता आली असली तर ती आत निघून जायची. झुंबरबाई विचारायची, दत्तोबा सांगायचे. कधी एखादा नवा तुकडा वर यायचा. चिठ्ठीत कुठंतरी 'ताई' होतं, म्हणजे सविता. एका ओळीत 'थकलो' होतं. ते सांगताना ती दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून बसली. बऱ्याच गुरुवारी काहीच नवं नसायचं आणि मग दत्तोबा निघताना खाली मान घालून निघायचे.

चैत्रातल्या एका गुरुवारी ती म्हणाली, "त्यानं आई लिवलं व्हतं का आये?"

दत्तोबांनी पायरीवरून वर पाहिलं.

"शाळेत जायला लागल्यावर सगळी पोरं आई म्हनाय लागली. ह्यो मला आयेच म्हनायचा, मोटा झाल्यावरबी. कारखान्यातनं फोन करायचा तरी, आये, जेवलीस का. तुमी सांगताना आई म्हनता. लिवलेलं काय व्हतं?"

दत्तोबांना तो कागद डोळ्यांपुढं आणता येत होता. निळी शाई, दोन घड्या. पण त्या एका शब्दापाशी सगळं पुसट व्हायचं. आई म्हणून तोंडात बसलं होतं ते बोलण्याच्या सवयीनं असेल. आये असेलही. 'आये' म्हटलं तर तिचं काय होईल ते त्यांना समोर दिसत होतं. एक शब्द. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. कुणी तपासणारही नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी असे शब्द सहज लिहिले होते.

झुंबरबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आठवत न्हाई, वैनी," दत्तोबा म्हणाले. "आये असंल. पन मला आठवत न्हाई. आठवतंय म्हनून सांगितलं तर ते माझं व्हईल, त्याचं न्हाई."

ती बघत राहिली. दत्तोबांना वाटलं, आता उठून आत जाईल. ती उठली नाही. पदरानं तोंड पुसलं.

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "त्याला लिवायचा लय कटाळा. दुसरीत व्हता तवा गुर्जींनी पन्नास वेळा नाव लिवाय सांगितलं. ह्यानं पंचवीस वेळा लिवलं आनि बाकीचं सविताला लिवाय लावलं. तिचं अक्षर चांगलं. गुर्जींनी वळखलं." तिच्या तोंडाची एक कड किंचित हलली. "मग दोगांनीबी मार खाल्ला. ह्याचे वडील गुर्जींशी भांडाय निगाले व्हते."

दत्तोबांना हा प्रसंग ठाऊक होता. नथूला वाटेत त्यांनीच अडवलं होतं. त्यांनी तसं सांगितलं. ती म्हणाली, हे मला कुणी बोललं नव्हतं. मग तिनं विचारलं आणि त्यांनी नथूचं सगळं सांगितलं, त्यांना जेवढं पक्कं आठवत होतं तेवढं. उन्हं ओट्यावरून खाली आली. आतून सविता बाहेर आली, दोघांकडे पाहिलं, आणि दत्तोबांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवून न बोलता आत गेली.